वाळूज पट्ट्यातला मेंटेनन्सचा इंटरव्ह्यू: अनुभव (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

पाथरीचा_फेज (मूळ पोस्ट)

राम राम मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, एकदाचं लिहून टाकतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, व्यनि करून विचारलं तरी नाही. वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट मारणारा एक प्रेस शॉप, एवढं धरून चाला. तसे तिथं गल्लोगल्ली आहेत.

मी इलेक्ट्रिकलचा. सुरुवात जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये केली (तिथला मे महिना ज्यानं काढला त्याला पुढं कुठलाच उन्हाळा लागत नाही), आता चाकणला मेंटेनन्स आणि पीएलसी (मशीनला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर) बघतो. घर पाथरीला. वडिलांच्यानं आता शेताच्या चकरा होत नाहीत. संभाजीनगरला नोकरी लागली तर शनिवारी संध्याकाळी गावी पोचता येतं, एवढाच माझा हिशोब होता. जाहिरात दिसली: सीनियर इंजिनिअर, मेंटेनन्स आणि ऑटोमेशन, पीएलसी येणं आवश्यक. फोनवरच्या मॅडम नीट बोलल्या. साडेनऊला या म्हणाल्या.

रात्रीच्या बसनं निघालो. पुण्याकडून येताना वाळूज शहराच्या अलीकडंच लागतं, म्हणून पहाटे छोट्या पंढरपूरला उतरलो. (बाहेरच्यांसाठी: एमआयडीसीच्या तोंडाशी हे गाव आहे, विठ्ठलाचं देऊळ आहे, आषाढीला शहरातून लोक चालत येतात.) हॉटेलात तोंड धुतलं, शर्ट बदलला, पोहे खाल्ले आणि वेळेवर गेटवर हजर.

वहीत नाव, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, गळ्यात व्हिजिटरचा पास. मग बसा. आम्ही सहासात जण होतो. एक पोरगा बीडहून आलेला, त्याला अकरानंतर सांगितलं की 'तुमच्या पोझिशनचं आज नाही.' जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी कुणी काही विचारलं नाही. कूलरचं पाणी मात्र थंड होतं, खोटं कशाला बोलू.

मग लेखी परीक्षा. पेट्रोल इंजिनातल्या ऑटो सायकलची कार्यक्षमता काढा, बीम किती वाकेल ते काढा, आगगाडी पुलावरून जायला किती सेकंद लागतील. पीएलसीवर एक प्रश्न नाही.

आतल्या खोलीत तिघं. एक जीएम, एक प्रॉडक्शनचे साहेब आणि एक जण शेवटपर्यंत मोबाइलमध्ये. पहिला प्रश्न, ओहमचा नियम. सांगितला. 'असा नाही, पुस्तकात आहे तसा सांगा.' तापमान स्थिर असताना, हे तेवढं राहिलं होतं. नंतर एक चांगला प्रश्न आला, सेन्सरकडून येणारा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअरच का, शून्यापासून का नाही? मला बरं वाटलं. म्हणालो, वायर तुटली तर शून्य येतं, म्हणजे खरं शून्य माप आणि तुटलेली वायर यांतला फरक कळतो. शिवाय दोन वायरवाला ट्रान्समीटर त्या चार मिलीअँपिअरवरच... 'बस, बस.' पुढचं ऐकून घेतलं नाही.

मधे 'गाव कोणतं, पाथरीत कोणत्या भागात, आडनाव हेच का, पाहुणे कुठले' हेही झालं. हे कशासाठी विचारतात ते आपल्याला कळतं आणि आपल्याला कळतंय हे त्यांनाही कळतं.

मग जीएम म्हणाले, चला, जरा प्रॅक्टिकल बघू.

शॉपवर नेलं. दोनशे टनी मेकॅनिकल प्रेस. चालता चालता मधेच थांबते, पुन्हा रिसेट केलं की चालते. पडद्यावर एकच वाक्य, 'सेफ्टी फॉल्ट'. लाइट कर्टन (प्रेसच्या तोंडाशी लावलेली किरणांची जाळी, हात आत गेला की प्रेस थांबवते) बदलून झाला, सेफ्टी रिले बदलून झाला. तिथला इलेक्ट्रिशियन परभणीकडचाच निघाला. 'मपल्याकडचेच की तुम्ही,' म्हणाला. ड्रॉइंग मागितलं तर 'हाय, पण सापडंना.'

पॅनेल उघडलं. लाइट कर्टन, मागच्या दाराचा स्विच आणि स्लाइडवरच्या (म्हणजे वरखाली होणाऱ्या जड भागावरच्या) हायड्रॉलिक ओव्हरलोडचा प्रेशर स्विच, तिन्ही एकाच साखळीत, सिरीजमध्ये. कोणताही एक सुटला तरी पडद्यावर तेच वाक्य येणार. आणि कर्टनच्या टर्मिनलवर पिवळ्या वायरचा जंपर, म्हणजे कर्टनला वगळून थेट जोडलेली वायर. कर्टनचा हिरवा दिवा मात्र चालू, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित. ऑपरेटर आत हात घालून पार्ट काढतोय आणि मधे काहीही नाही.

त्या जंपरनं एक काम मात्र केलं होतं. कर्टन साखळीतून बाहेर असूनही प्रेस थांबत होती, म्हणजे कर्टनचा दोष नाही हे आपोआप सिद्ध झालेलं. मग इतके दिवस कर्टन बदलत का बसले, देव जाणे.

स्लाइड वर घेऊन मोटर बंद केली, फ्लायव्हील पूर्ण थांबू दिलं, खाली सेफ्टी ब्लॉक लावायला लावला आणि मेन स्विचला लावायला कुलूप मागितलं. 'टॅग हाय साहेब, कुलूप न्हाई.' माझ्या बॅगेचं छोटं कुलूप काढून लावलं. दाराचा स्विच तपासला, तो ठीक. राहिला स्लाइडवरचा. तिथली केबल दर स्ट्रोकला स्लाइडबरोबर वाकते. दोन्ही टोकं सोडवली, मल्टिमीटर बझरवर ठेवून इलेक्ट्रिशियनच्या हातात दिला आणि क्लॅम्पपाशी केबल दोन बोटांत धरून हळूहळू वाकवत गेलो. पीऽऽऽ, पी, पी, गप्प. सरळ केली, पुन्हा पीऽऽऽ. वरचं इन्सुलेशन धडधाकट, आतली तार तुटलेली. कायम वाकणाऱ्या जागी साधी कंट्रोल केबल टाकली होती. तिथं बारीक तारांची लवचिक केबल लागते.

त्याच केबलमधल्या न वापरलेल्या तारेवर (स्पेअर कोअर) तात्पुरतं जोडून दिलं, अख्खी केबल बदला म्हणून सांगितलं. प्रेस चालू झाली. पोरं हसली, इलेक्ट्रिशियननं हात मिळवला.

मी म्हणालो, आता कर्टनचा जंपर काढून टाकतो.

प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, 'राहू द्या तो. त्याच्यानं शिफ्टला पार्ट कमी पडतात.' मी विचारलं, कर्टन डायपासून (पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून) किती अंतरावर लावलाय? स्टॉपिंग टाइम, म्हणजे प्रेसला थांबायला लागणारा वेळ, शेवटचा कधी मोजला? कुणी काही बोलेना. मग जीएम बोलले, 'तुम्ही इंटरव्ह्यूला आलात, ऑडिटला नाही.'

तिथून नूरच पालटला. एचआरमध्ये पोचेपर्यंत जाहिरातीतला 'सीनियर' गळून पडला. पेरोल कॉन्ट्रॅक्टरचा, वर्षभरानं बघू. दोन वर्षांचा बाँड. ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडं जमा. मला आता हातात ५२ हजार येतात, इथं ३६. कमी का म्हणून विचारलं तर त्या साहेबांनी हसत हसत सांगितलं, 'गावाकडं येताय ना, खर्च कमीच होईल तुमचा.' वर हेही, 'तुम्ही प्रश्न फार विचारता.'

कळवतो म्हणाले. कळवलं नाही. मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, विषय संपला.

नोकरी मिळाली नाही हे ठीकच, त्या अटींवर मीच घेतली नसती. पण मराठवाड्यात परत येऊ बघणारा माणूस म्हणजे दारात उभा राहिलेला मागतकरी, ही जी समजूत आहे ती झोंबली. चाकणला मलाच कामावर ठेवताना असं कुणी वागलं नव्हतं. जालन्याच्या मिलमध्येही नाही, तिथं शिव्या होत्या पण त्या सगळ्यांना सारख्या होत्या.

तुमच्याकडं काय चित्र आहे?

---

शिफ्ट_बी

ओरिजिनल मार्कशीट मागितली की तिथूनच उठायचं. बाकी पोस्ट वाचली नाही तरी चालेल.

---

मोंढ्यातला_काटा

कामून येता बाप्पा वापस? आम्ही हितं हावोत तेच बाहेर कसं जावं म्हणून बसलोत. प्रेस नीट करून दिली, हजेरीचे तरी पैसे मागायचे होते. आमच्याकडं मोटर बांधणारा नुसती बघायचे दोनशे घेतो.

---

निवृत्त_फोरमन

फेजराव, शाब्बास. मी जुना माणूस. १९८५ ला बजाजचा प्लांट वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागोमाग जी पुरवठादारांची शेडं उभी राहिली त्यांत हयात घालवली. जंपरबद्दल बोलतो, पगाराचं तरुणांनी बोलावं.

लाइट कर्टन कुठं लावायचा याचा हिशोब असतो. माणसाचा हात सेकंदाला २००० मिलिमीटर वेगानं आत जातो असं धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४०० मिलिमीटर लांब पाहिजे, तेही कर्टनची जाळी बारीक, १४ मिलिमीटरची वस्तूही पकडणारी असेल तर. जाळी विरळ असेल तर अजून लांब. आता होतं काय की ब्रेकचं लायनिंग झिजतं आणि ०.२ चे ०.३ होतात. कर्टन तिथंच, दिवा हिरवाच, पण हात प्रेसच्या आधी पोचतो. म्हणून तुम्ही जो स्टॉपिंग टाइमचा प्रश्न विचारला तोच खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडं नव्हतं. म्हणूनच त्यांना झोंबला.

'पार्ट कमी पडतात' ही तक्रार खोटी नसते, हेही सांगतो. ऑपरेटरला लांबून हात घालावा लागतो, तेलाचा फवारा काचेवर बसला की कर्टन उगाच सुटतो, सुपरवायझरचा जीव आकड्यात अडकलेला. पण त्याला रीतसर उपाय आहे. स्लाइड वर जाताना चिरडायचा धोका नसतो, तेवढ्या वेळेपुरता कर्टन म्यूट करता येतो, खाली यायला लागली की तो आपोआप जागा होतो. प्रत्येक स्ट्रोकला थोडा थोडा वेळ वाचतो. रोज काच पुसायला एक फडकं ठेवलं तरी निम्मी कटकट जाते. पिवळी वायर हा आळस आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २१ मशीनच्या धोकादायक भागांना संरक्षण लावण्याबद्दलच होतं. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नव्हे. माझ्या हाताखाली एक पोरगं होतं, गंगापूर तालुक्यातलं. दोन बोटं गेली. पुढं लग्न जमेना त्याचं. त्या प्रेसवर अपघातानंतर तिसऱ्या दिवशी कर्टन बसला. आणि महिन्याभरात त्यालाही जंपर लागला.

---

टेबलाच्या_पलीकडं

दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून. मी शेंद्र्याला एका कंपनीत इंटरव्ह्यू घेतो. (धाग्यातली कंपनी माझी नाही, आधीच सांगतो.)

ओहमचा नियम विचारला म्हणून राग मानू नका. रेझ्युमेत 'पीएलसी, स्काडा, सर्व्हो' लिहिलेलं असतं आणि समोर कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) ठेवला तर हे काय आहे म्हणून विचारतात. क्लासचं सर्टिफिकेट असतं, क्लासमध्ये सॉफ्टवेअर बघितलेलं असतं, हातात वायर धरलेली नसते. त्यामुळं तळापासून सुरुवात करावी लागते. मात्र व्याख्या शब्दशः मागणं हा मूर्खपणा आहे, ते मान्य.

आणि प्रॅक्टिकल घ्यायलाच पाहिजे, फक्त चालू प्रेसवर नाही. आम्ही एक पॅनेल मुद्दाम बिघडवून ठेवलंय. स्टार-डेल्टा स्टार्टर आहे (मोटर आधी कमी करंटच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टावर नेणारा), मोटर स्टारमध्ये सुरू होते, टायमर वाजतो, स्टारचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि डेल्टाचा लागतच नाही. इंटरलॉकचा एनसी (एरवी जोडलेला असणारा) कॉन्टॅक्ट आम्हीच काढून ठेवलेला असतो. पंधरा मिनिटं देतो. सापडला नाही तरी चालतं, माणूस कुठून शोधायला सुरुवात करतो ते बघायचं असतं. टायमर बदला म्हणणारे निम्मे. आधी डेल्टाच्या कॉइलवर व्होल्टेज पोचतंय का ते मीटरनं बघणारा आम्हाला पाहिजे असतो. परवा एका आयटीआयच्या पोरानं हे दोन मिनिटांत केलं आणि त्याच दिवशी आलेल्या एका एमटेकनं टायमरला तीनदा टिचक्या मारल्या.

पाथरीचा_फेज, तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर बॅगेचं कुलूप लावलं तिथंच मी सही केली असती.

---

पाथरीचा_फेज

@टेबलाच्या_पलीकडं, शिव्या कशाला देईन. असं बिघडवलेलं पॅनेल ठेवणारा मला आजवर एकही भेटला नव्हता. तळाच्या प्रश्नांचा राग नाहीच. उत्तर मधेच तोडायचं असेल तर चांगला प्रश्न विचारून काय उपयोग, एवढंच.

@निवृत्त_फोरमन, म्यूटिंगचं मी तिथं बोलणारच होतो. 'ऑडिट' शब्द आला आणि तोंड मिटलं. साष्टांग दंडवत.

---

काळ्या_कोटातला_लातूरकर

दोनचार कायद्याच्या गोष्टी, कारण वर 'बाँड बेकायदा असतो' हे वाक्य अजून आलं नाही पण येणार, त्याच्या आधीच सांगून टाकलेलं बरं.

बाँड सरसकट बेकायदा नसतो. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यावर दुसरीकडं कामच करू नको असं बांधून घेता येत नाही. पण नोकरीत असताना अमुक वर्षं राहा, आधी सोडलं तर वाजवी भरपाई दे, हे चालतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड वैध धरला. तेव्हा 'कोर्टात टिकत नाही' असं कुणी सांगितलं म्हणून डोळे झाकून सही करू नका. कलम ७४ वाजवी भरपाईबद्दल बोलतं. कंपनीनं तुमच्यावर खरोखर खर्च केला, ट्रेनिंग दिलं, तर तिची बाजू मजबूत. काहीच न शिकवता नुसता बाँड असेल तर तुमची.

ओरिजिनल मार्कशीटचं वेगळं. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रत द्या, मूळ कागद घरी न्या. एकदा दिलेला कागद परत मिळवायला आमच्यासारख्याची फी भरायला लागते आणि मी स्वस्त नाही.

आणि नियुक्तीपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यात कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. त्यावर नियुक्ती करणारा म्हणून कुणाचं नाव आहे, कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं, ते बघायचं. पगार किती हे त्यानंतर.

---

एचआर_पण_माणूस

मी सतरा जणांच्या शिव्या खाणाऱ्या खात्यातली. थोडं आतलं सांगते, नाव-गाव विचारू नका.

जागा मंजूर व्हायच्या आधीच जाहिरात जाते, हे सर्रास होतं. एखादा आतला माणूस आधीच ठरलेला असतो, पण फाइलला तीन उमेदवार लागतात. मग दोन जण लांबून येतात, एसटीचं भाडं घालून. बीडच्या त्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. त्याला फोन करून 'येऊ नका' सांगायला एक मिनिट लागलं असतं. 'कळवतो' म्हणून न कळवणं यालाही काही कारण नसतं. नकार द्यायला कुणाला तोंड उघडायचं नसतं, बास.

पण मला धाग्यात कुणी न बोललेली एक गोष्ट खटकली. फेज, तुमच्या गळ्यात व्हिजिटरचा पास होता. तुम्ही दोनशे टनी प्रेसच्या केबलमध्ये हात घातलात. काही झालं असतं तर तुम्ही त्यांच्या हिशोबात कोण होतात? कामगार नाही, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस नाही, ना ईएसआय ना विमा. गेटच्या वहीत कारण 'मुलाखत' लिहिलेलं. आमच्या प्लांटमध्ये कुणी उमेदवाराला मशीनला हात लावू दिला तर सेफ्टी ऑफिसर आधी माझ्या केबिनमध्ये येईल. 'बघा, अंदाज सांगा, हात लावू नका' इथपर्यंतच प्रॅक्टिकल असावं.

---

शिफ्ट_बी

@एचआर_पण_माणूस, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाप रे.

---

मोंढ्यातला_काटा

कुलूप बॅगेचं, जीव फेजरावाचा, प्रेस कंपनीची. मस्त भागीदारी हाय.

---

पाथरीचा_फेज

ताजी खबर. हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

काल रात्री जेवायला बसलो तर अनोळखी नंबर. तो प्रेसवरचा इलेक्ट्रिशियन. माझा नंबर त्यानं गेटच्या वहीतून काढला. 'साहेब, ती प्रेस झकास चाललीय. पण तिच्या शेजारची बी तसंच करायलीय. तुम्ही केबल कुठून वाकवत गेला होता?'

सांगितलं. क्लॅम्पपासून सुरू कर, एकदम जोरात हिसकू नको, आधी दोन्ही टोकं सोडव, नाहीतर दुसऱ्या वाटेनं बझर वाजत राहील आणि फसशील. कुलूप विकत घे, तुझ्याच नावाचं, किल्ली खिशात. जंपरचं काय झालं विचारलं. तो म्हणाला, 'हाय तसाच हाय.'

---

टेबलाच्या_पलीकडं

सांगायचं नव्हतं. त्याला सांगितलंत म्हणजे कंपनीला फुकट सांगितलंत. त्यांना वाटणार बाहेरून फोनवर काम होतंय तर माणूस ठेवायचा कशाला.

---

निवृत्त_फोरमन

सांगायलाच पाहिजे होतं. तो पोरगा कंपनी नाही. दोन्ही टोकं न सोडवता मीटर लावला असता, साखळी ठीक आहे समजून प्रेस चालू केली असती, आणि शेजारी उभा तोच राहिला असता.

---

टेबलाच्या_पलीकडं

फोरमनकाका, तुमच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण मग त्या पोराला हे शिकवायचं काम कुणाचं? पगार देणाऱ्याचं ना? फेजनं एकदा फुकट शिकवलं, चांगुलपणा झाला. दुसऱ्यांदा फोन येईल तेव्हा व्हिजिटचा रेट सांगावा. मी गंभीरपणे बोलतोय. वाळूज-चिकलठाण्यात फ्रीलान्स ऑटोमेशनवाले आहेत, रोजाच्या हिशोबानं घेतात आणि त्यांना कुणी ओहमचा नियम विचारत नाही.

---

नांदेडची_फ्रेशर

सगळ्यांना नमस्कार. धागा दोनदा वाचला. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, यंदाच पास झाले. येत्या मंगळवारी वाळूजलाच एका कंपनीत बोलावलंय, मेंटेनन्स ट्रेनी म्हणून. घरचे म्हणतात जाऊ नको, एवढ्या लांब जाऊन त्या बीडच्या मुलासारखं परत यावं लागेल. दुसरं, मागच्या एका इंटरव्ह्यूत मला सगळं तांत्रिक सोडून 'लग्नाचं काय ठरलंय' हेच विचारलं होतं. काय विचारून घेऊ आधी?

---

एचआर_पण_माणूस

बाळा, आज फोन कर, मंगळवारी गेटवर नाही. तीन गोष्टी विचार: नियुक्तीपत्र कुणाच्या नावाचं मिळणार, माझ्या पोझिशनचा इंटरव्ह्यू त्याच दिवशी नक्की आहे ना, आणि शिफ्ट कोणत्या. उत्तर ईमेलवर मागून घे. ईमेल लिहायला टाळाटाळ केली तर तुला तुझं उत्तर मिळालं. लग्नाबद्दल विचारलं तर 'ते कामाशी कसं जोडलेलं आहे सर?' एवढंच शांतपणे विचारायचं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं. पुढचा प्रश्न तांत्रिक येतो, हा माझा अनुभव आहे.

---

पाथरीचा_फेज

इन्स्ट्रुमेंटेशनची आहेस तर ४ ते २० येणारच. उत्तर पूर्ण दे, मधेच तोडलं तरी 'एक वाक्य राहिलं सर' म्हणून पूर्ण कर. आणि प्लांट दाखवा म्हण. मशीनला हात लावू नको, पॅनेलची दारं उघडी आहेत का, आत ड्रॉइंग आहे का, मेन स्विचला कुलूप अडकवायची सोय आहे का ते चालता चालता बघ. पाच मिनिटांत कळतं तिथं मेंटेनन्सवाल्याला काय किंमत आहे ते.

---

काळ्या_कोटातला_लातूरकर

आणि झेरॉक्सचे दोन सेट ने. ओरिजिनल फक्त दाखवायचे, फाइल हातातून सोडायची नाही.

---

नांदेडची_फ्रेशर

फोन केला. शिफ्ट जनरल म्हणाले, मंगळवारचं पक्कं आहे म्हणाले. नियुक्तीपत्राचं विचारलं तर 'ते भेटल्यावर बोलू, मॅडम'. ईमेल अजून आलेला नाही. आई म्हणते राहू दे, बाबा म्हणतात मी सोबत येतो.

---

मोंढ्यातला_काटा

बाबाला घेऊन जाय. आन गेटवर बसायला एक पेपर घेऊन जाय म्हणावं, दोन वाजेपर्यंत पुरंल असा.

---

टेबलाच्या_पलीकडं

@नांदेडची_फ्रेशर, मंगळवारी वाळूजचं जे व्हायचं ते होऊ दे. संभाजीनगरला येतेच आहेस तर बुधवारी सकाळी शेंद्र्याला ये. बिघडवलेलं पॅनेल जागेवर आहे, ट्रेनीची एक जागा खरोखर मंजूर आहे आणि पत्र कंपनीच्या नावाचं मिळतं. व्यनि केलाय, बघ. ओळख म्हणून नाही हं, पॅनेल सुटलं तरच.